तुतीखालची झोप

१

दुपारचं जेवण झालं की बिर्कला बाहेर झोपवायचं, हा मारेनच्या घरचा शिरस्ता होता. डेन्मार्कमधल्या ऑर्हूसमध्ये कितीही थंडी पडली तरी त्यात खंड पडत नसे. मूल लोकरीत गुंडाळायचं, बाबागाडीत ठेवायचं, गाडी अंगणात लावायची आणि आपण आत येऊन निवांत कॉफी प्यायची. मारेन अशीच वाढली होती आणि तिचे वडील होल्गरही. त्यामुळे इटलीत, सरोवराच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या गावात, भाड्याच्या दगडी घरापुढे मोटार थांबली तेव्हा मारेननं आधी खोल्या पाहिल्या नाहीत. सावली कुठे आहे ते पाहिलं.

सावली एकाच ठिकाणी होती. अंगणाच्या कोपऱ्यात तुतीचं म्हातारं झाड होतं, आणि त्याच्या बुंध्याशी एक दगडी हौद. हौदावर जाड फळ्या अंथरल्या होत्या आणि फळ्यांवर धोंडे ठेवले होते. येपेनं, म्हणजे मारेनच्या नवऱ्यानं, धोंडे बाजूला केले, फळ्या भिंतीला टेकवल्या आणि आत हात बुडवून पाहिला.

"बर्फासारखं गार आहे. बिअर आणि कलिंगड इथेच ठेवू."

"दुसऱ्याच्या घरातल्या वस्तू हलवू नयेत," होल्गर म्हणाला.

"जाताना जसंच्या तसं लावून जाऊ, होल्गर. आपण काय असे तसे पाहुणे आहोत?"

बिर्क रडत होता. तो जन्मल्यापासून रडत होता असं म्हटलं तर अतिशयोक्ती झाली नसती. पाच महिन्यांचं पोर. पोट दुखत नव्हतं, कान दुखत नव्हता, आणि कानाचं तर होल्गरनं स्वतः पाहिलं होतं. चाळीस वर्षं त्यानं लोकांच्या कानांतच डोकावण्यात घालवली होती. मारेनच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. तिनं गाडी हौदाशेजारी सावलीत लावली, बेबी मॉनिटरचा एक डबा गाडीत ठेवला, दुसरा स्वयंपाकघराच्या खिडकीत, आणि ती खुर्चीत बसल्या बसल्या झोपून गेली. खिडकीतल्या डब्यातून बिर्कचं रडणं बारीक, पत्र्यासारखं येत राहिलं.

शेजारची म्हातारी ओत्ताविया लिंबं घेऊन आली ती याच वेळी. तिला जर्मन मोडकंतोडकं येत होतं, होल्गरला शाळेतलं आठवत होतं. तिनं गाडी पाहिली, मग भिंतीला टेकवलेल्या फळ्या पाहिल्या.

"ह्या कुणी काढल्या?"

"जावयानं."

"मूल आत घ्या," ती म्हणाली. "भर दुपारी आत."

होल्गरनं हे येपेला सांगितलं. येपे हसला. "त्यांना म्हणावं, आमच्याकडे पोरं बर्फातही बाहेर झोपतात आणि पुढे मंत्री होतात."

म्हातारीनं लिंबं पायरीवर ठेवली आणि जाता जाता बाबागाडीचं तोंड पाण्याकडून भिंतीकडे वळवलं. थोड्या वेळानं सूर्य कलला, भिंतीकडे ऊन आलं, म्हणून मारेननं ते पुन्हा पाण्याकडे केलं.

२

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मॉनिटर गप्प झाला.

होल्गर आत खुर्चीत पेपर घेऊन बसला होता. शांतता त्याच्या कानाला लगेच कळली. शाळा सुटल्यावर वर्गात पसरते तशी शांतता. तो उठून अंगणात आला. झाडावर एक पान हलत नव्हतं. हौदातलं पाणी काचेसारखं होतं, आणि बिर्क गाडीत डोळे उघडे ठेवून पडला होता. रडत नव्हता. होल्गरला पाहून तो हसला.

होल्गरला भरून आलं. त्यानं नातवाला उचललं, लाळ पुसली, टोपी सरळ केली. आणि सवयीनं त्याचा अंगठा पोराच्या कानाकडे गेला.

होल्गरच्या डाव्या कानापुढे, टाचणीच्या टोकाएवढं, एक छिद्र होतं. काही घराण्यांत असतं तसं. त्यानं बिघडत काही नाही. त्याच्या आईला होतं. मारेनला होतं. बिर्क जन्मला तेव्हा होल्गरनं ते मुठीएवढं डोकं वळवून पाहिलं होतं आणि दाईला म्हटलं होतं, "आमचा माल आहे, शिक्का मारून आलाय." तेव्हापासून पोराला घेतलं की अंगठा डाव्या कानापुढे जाई, जपमाळेच्या मण्यावर जावा तसा.

डाव्या कानापुढे कातडी गुळगुळीत होती.

छिद्र उजवीकडे होतं.

त्यानं पोराला उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं. आपला डावा, त्याचा डावा. समोरासमोर असलं की डावं-उजवं उलटतं, हे तो शिकाऊ डॉक्टरांना सांगत आला होता. म्हणून त्यानं पोराला पाठमोरं मांडीवर घेतलं. आता दोघांचाही डावा एकाच बाजूला होता. छिद्र तरीही उजवीकडेच राहिलं. टाळूमागचा भोवराही आता दुसऱ्या अंगानं फिरत होता.

"झोपला होता का?" मारेननं दारातून विचारलं.

"जागा आहे," होल्गर म्हणाला. "रडत नाही."

"देवा," मारेन म्हणाली, आणि तिनं पोराला त्याच्या हातातून घेतलं.

३

इथे होल्गरच्या मनाची दुसरी बाजू सांगायला हवी, कारण ती त्याला त्या संध्याकाळभर पोखरत होती.

गेल्या हिवाळ्यात तो नेहमीच्या रस्त्यावर उजवीकडे वळायच्या ऐवजी डावीकडे वळला आणि ट्रामच्या रुळांवर जाऊन थांबला. नंतर एका तरुण डॉक्टरणीनं त्याला समोर बसवून सांगितलं होतं, उजव्या हातानं डावा कान धरा. त्यानं धरला. तिनं कागदावर काहीतरी लिहिलं, तेव्हा त्याला समजलं की आपण उजवाच धरला आहे. कानाच्या डॉक्टरला कान सापडला नाही. एरवी त्यानं हा विनोद म्हणून सांगितला असता.

त्याची बायको इंगर जाऊन दोन वर्षं झाली होती. घर विकायला काढलं होतं. मारेनच्या घरी वरच्या मजल्यावर एक खोली होती, आणि ती त्याला मिळणार की त्याची रवानगी सरकारी वृद्धाश्रमात होणार, हे सुट्टीनंतर ठरायचं होतं. तसं कुणी बोललं नव्हतं. पण या सहलीत आपल्याला पाहिलं जात आहे, हे न कळण्याइतका तो म्हातारा झाला नव्हता. आणि अशा माणसानं उठून काय सांगायचं? की नातवाचं डावं उजवीकडे गेलंय?

त्यानं फोनमधले फोटो काढून पाहिले. एका फोटोत छिद्र डावीकडे होतं, दुसऱ्यात उजवीकडे. दुसरा फोटो घरचाच होता, बर्फाच्या दिवसातला.

फोटो साक्षीला उभे राहिनात. त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली.

४

न्याहारीला येपेनं घरून आणलेला राय धान्याचा काळा पाव कापला. मारेन रात्रभर झोपली होती. तिचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता. ती गुणगुणत होती. चार वर्षांची विगा खुर्चीवर गुडघे टेकून पावावर लोणी थापत होती.

"हा बाळ छान आहे," विगा म्हणाली. "आधीचा फार रडायचा."

येपे मोठ्यानं हसला. "खरं बोललीस. आधीचा दुकानात परत केला आम्ही."

"दुकानात नाही," विगा म्हणाली.

"खा, विगा," मारेन म्हणाली. तिच्या हातातली सुरी थांबली नव्हती.

होल्गरनं तिच्याकडे पाहिलं. लहानपणी खोटं बोलताना मारेन कधी अडखळायची नाही. तिचा आवाज फक्त सपाट व्हायचा, इस्त्री केल्यासारखा. "खा, विगा" हे शब्द तसे होते. का त्याला तसे ऐकू आले? कानांवरही आता किती भरवसा ठेवायचा?

न्याहारीनंतर ती भांडी विसळत असताना त्यानं धीर केला. छिद्राचं सांगितलं, भोवऱ्याचं सांगितलं. ट्रामच्या रुळांचंही स्वतःच सांगून टाकलं, म्हणजे तिला आठवण करून द्यावी लागू नये.

"फोन फोटो उलटा करतो, बाबा," ती शांतपणे म्हणाली. "पुढच्या कॅमेऱ्यानं काढला की आरशासारखा येतो."

"मी फोटोचं बोलत नाही. पोराचं बोलतोय."

तिनं ओले हात पुसले आणि त्याचा हात हातात घेतला. इंगर घ्यायची तसाच.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"येपेला?"

"नाही."

"नको सांगूस. तो घाबरट आहे. मी लक्ष ठेवते, हं?"

मनावरचा धोंडा उतरला. आपली लेक आपल्या बाजूला आहे, या विचारानं तो अंगणाला वळसा घालून गावाच्या चौकापर्यंत फिरून आला, येताना सगळ्यांसाठी जर्दाळू घेऊन आला. त्यातलं अर्धं खाऊन झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. तिनं विचारलं होतं, कुणाला सांगितलंस. 'काहीतरीच काय, बाबा' असं ती एकदाही म्हणाली नव्हती.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी येपे विगाला घेऊन सरोवरावर पोहायला गेला. मारेन न्हाणीघरात होती. बिर्क होल्गरच्या मांडीवर, पोट भरून, मुठी उघड्या टाकून झोपला होता. तोंडाशी दुधाचा थेंब होता.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून रडणं आलं.

बारीक, पत्र्यासारखं. होल्गरला ते रडणं पाठ होतं. पहिला सूर वर चढायचा, मध्येच तुटायचा, मग एक लांब उसासा. पाच महिने ऐकलेलं रडणं माणूस विसरत नाही, डावं-उजवं विसरला तरी. तो हलला नाही. मांडीवरच्या पोराच्या छातीवर त्यानं हात ठेवला. छाती संथ वरखाली होत होती. मॉनिटरवरचा हिरवा दिवा रडण्याच्या तालावर लुकलुकत होता.

न्हाणीघराचं दार उघडलं. मारेन ओल्या केसांनी, टॉवेल गुंडाळून आली. तिनं बापाकडे पाहिलं नाही. ती खिडकीशी गेली, मॉनिटर उचलला, मागचं झाकण काढलं आणि बॅटऱ्या काढून ओट्याच्या खणात टाकल्या. मग खिडकीची झडप ओढून घेतली.

"ऊन येतं," ती म्हणाली, आणि परत न्हाणीघरात गेली.

तिलाही ऐकू आलं होतं. म्हणजे आपलं डोकं ठिकाणावर आहे. एवढ्या मोठ्या दिलाशाची एवढी भीती त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्यानं मुलाला पलंगावर ठेवलं, उशा लावल्या, आणि तो अंगणात गेला. बाबागाडी हौदाशेजारी रिकामी उभी होती. आत मॉनिटरचा दुसरा डबा आणि चुरगळलेलं दुपटं, बाकी काही नाही. त्यानं हौदात वाकून पाहिलं. त्याचा स्वतःचा चेहरा, वर तुतीची पानं, पानांतून आकाश. बाजूला बाबागाडीचं छत्र. त्या छत्राखालून एक लहानशी मूठ वर आली, उघडली, मिटली.

त्यानं मान वळवून खरी गाडी पाहिली. दुपटं.

बाही वर न करताच त्यानं हात पाण्यात घातला, खांद्यापर्यंत. बोटांना तळाचं शेवाळ लागलं, कलिंगड लागलं. पाणी ढवळलं आणि सगळं मोडलं. ते पुन्हा जुळेपर्यंत तो थांबला, पण आता त्या छत्राखाली फक्त अंधार होता.

"आईला माहीत आहे?"

ओत्ताविया कुंपणाच्या भिंतीपलीकडे उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"हो," होल्गर म्हणाला.

म्हातारीनं आत जाऊन आपल्या घराची खिडकी लावून घेतली, मग दुसरी, मग दार.

६

शेवटच्या संध्याकाळी मारेन कलिंगड चिरत होती. होल्गरनं दार लोटलं.

"तो कुठे आहे, मारेन?"

तिनं फोड केली, बिया टिपल्या.

"मी पाच महिने झोपले नव्हते, बाबा. तू वर्तमानपत्र वाचत बसायचास आणि म्हणायचास, कान स्वच्छ आहे. येपे म्हणायचा, मुलं रडतातच. एकदा मी त्याला घेऊन खिडकीत उभी होते. तिसऱ्या मजल्यावर. किती वेळ उभी होते ते तुम्हा कुणाला माहीत नाही."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. तू म्हणालास, तुझी आईही थकायची."

तो असं म्हणाला असणार. ते वाक्य त्याचंच होतं.

"हा हसतो, बाबा. माझ्याकडे बघून हसतो. त्यानं कधी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही."

"आणि तो रडतोय तिथे."

मारेननं नळ सोडला. पाणी कलिंगडाच्या सालीवर जोरात पडत राहिलं.

"वरची खोली तुझीच आहे," नळाच्या आवाजातून ती म्हणाली. "आमचं ठरलंय. येपेनं रंगसुद्धा निवडलाय. फक्त असले विषय काढू नकोस."

"मी त्याला घेतल्याशिवाय इथून हलणार नाही."

तिनं नळ बंद केला. मग जवळ येऊन त्याच्या कपाळावर ओठ टेकले. अलीकडे तिनं असं केलं नव्हतं.

"तू थकलायस," ती म्हणाली.

७

निघायच्या दिवशी घर चकचकीत झालं. येपेनं फरशा पुसल्या, चादरींच्या घड्या घातल्या, कचरा वेगळा केला. मोटार दाराशी लागली. जेवणं उरकली.

मारेन आरामखुर्ची घेऊन अंगणात गेली आणि ती तुतीखाली मांडली.

"बाबा, प्रवास लांबचा आहे. सामान भरेपर्यंत जरा पड. मी उठवते."

होल्गरनं तिच्याकडे पाहिलं. ती नजर चुकवत होती, आणि त्यानं त्याचा आपल्याला हवा तो अर्थ लावला: पोरीचं मन पाझरलं. तोंडानं सांगता येत नाही, म्हणून मला हौदापाशी एकट्याला सोडते आहे. खरा बिर्क येईपर्यंत थांबायला वेळ देते आहे. शेवटी माझीच मुलगी.

"बरं केलंस," तो म्हणाला.

तिनं त्याच्या अंगावर लोकरीची शाल घातली. उकडत होतं, तरी त्यानं ती अंगावर राहू दिली. तिनं शाल खांद्यांखाली दोन्ही बाजूंनी खोचली, बिर्कला खोचायची तशी. मग खुर्चीच्या पाठीला धरून ती हळूच फिरवली. होल्गरचं तोंड पाण्याकडे झालं.

"मारेन?"

"झोप, बाबा."

आतून झडपा लागल्याचा आवाज आला. एक, मग दुसरी. झाडावर पान हलत नव्हतं. झोपायचं नाही, असं तो स्वतःला बजावत राहिला. पाण्यात एक म्हातारा शाल पांघरून बसला होता. त्याचे डोळे मिटले होते. माझे तर उघडे आहेत, असं होल्गरच्या मनात आलं. मग त्या म्हाताऱ्यानं डोळे उघडले.

जाग आली ती गारव्यानं.

तो तुतीखालीच होता, खुर्चीतच. पण घराचं निळं दार, जे झाडाच्या डाव्या हाताला होतं, ते उजव्या हाताला गेलं होतं. जिनाही. ओत्तावियाची भिंतही. होल्गरनं उजव्या हातानं डावा कान धरला, नीट विचार करून. छिद्र जागच्या जागी होतं. बदललं होतं ते बाकी सगळं.

वरून कुठूनतरी आवाज येत होते, न्हाताना पाण्यात डोकं घातल्यावर येतात तसे. डिकी बंद झाली. विगा म्हणाली, "आजोबा, तुम्ही माझ्याजवळ बसा." एक म्हातारा हसला. इंगर गेल्यापासून होल्गर तसा हसला नव्हता, पण हसणं त्याचंच होतं. मग मारेनचा आवाज, लाडाचा, लहानपणी ती जो आवाज फक्त त्याच्यासाठी राखून ठेवायची तो.

"बाबा, पट्टा लावलास ना?"

"मारेन," तो ओरडला. "मारेन, मी इथे आहे."

"एक मिनिट थांबा," येपे म्हणाला, अगदी जवळून. "जसं होतं तसं करून जाऊ."

आकाशाचा एक लांब पट्टा काळा झाला. मग त्याच्या शेजारचा. फळीला फळी भिडल्याचा आवाज, त्यावर धोंडा ठेवल्याचा. होल्गर उठला तेव्हा वर उजेडाची एकच चीर उरली होती, आणि त्या चिरेत क्षणभर मारेनचा चेहरा दिसला. ती खाली पाहत होती. तिनं त्याला पाहिलं, याबद्दल होल्गरला शंका नाही. आयुष्यभर ज्याला प्रत्येक गोष्टीची शंका येत आली, त्याला या एका गोष्टीची नाही.

मग तीही चीर गेली.

अंधारात, उजव्या बाजूला, रडणं सुरू झालं. पहिला सूर वर चढला, तुटला, लांब उसासा. होल्गर चाचपडत त्या दिशेला गेला. हाताला बाबागाडीचं छत्र लागलं, ओलं दुपटं लागलं, मग दोन गार मुठी. त्यानं पोराला उचलून छातीशी धरलं. त्याचा अंगठा आपोआप डाव्या कानाकडे गेला, आणि कातडीत टाचणीच्या टोकाएवढा खळगा त्याला सापडला.

"आहे," तो म्हणाला. "आहे रे, बाळा, मी आहे."

वर मोटार सुरू झाल्याचा आवाज आला आणि उतारावर हळूहळू विरत गेला. बिर्क जन्मल्यापासून पहिल्यांदाच कुणाच्यातरी हातात रडायचा थांबला.